डंकर्कचे खेचरवाले

कांदिवली-मालाडच्या पूर्वेला लष्कराचा मोठा डेपो आहे. लोक त्याला नुसते 'सीओडी' म्हणतात. आमच्या वर्गातल्या मुलांना वाटते, भिंतीआड तोफा नि शिपाईच असणार. साठा सांभाळणे हेही फौजेचे काम आहे, हे त्यांना आम्हालाच सांगावे लागते. हा डेपो ऑर्डनन्सचा. रसद आणि वाहतूक सांभाळणारे खाते वेगळे. इंग्रजी अमदानीत ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर या नावाने ओळखले जाई.

या खात्याची एक हकीकत मुंबई बंदरातून सुरू होते. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा इंग्रज फौज मोटारींवर विसंबून फ्रान्सला गेली होती. बर्फात-चिखलात मोटारी चालेनात, म्हणून हिंदुस्थानातून खेचरे मागवली. डिसेंबर 1939 मध्ये 22, 25, 29 आणि 32 क्रमांकाच्या चार कंपन्या मुंबईहून निघाल्या आणि 26 डिसेंबरला मार्सेलला उतरल्या. हीच 'फोर्स के-6'. त्यांतले बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. दारूगोळा, लाकूडफाटा, शिधा, जे लागेल ते पाठीवर लादून आघाडीकडे न्यायचे, हे त्यांचे काम.

मे 1940 मध्ये डंकर्कच्या वाटेवर जमादार मौलादाद खान यांच्या तुकडीवर वरून बॉम्ब आणि जमिनीवरून तोफगोळे पडू लागले. त्यांनी माणसे नि जनावरे रस्त्यावरून हटवून आडोशाला नेली. एकही दगावले नाही. त्याबद्दल त्यांना आयडीएसएम हे शौर्यपदक मिळाले. तीन कंपन्या इंग्लंडला पोहोचल्या. खेचरे मात्र फ्रान्समध्येच सोडावी लागली. ज्यांनी ती लहान मुलांसारखी सांभाळली, त्यांच्या जिवाला काय वाटले असेल! 22 वी कंपनी जूनमध्ये जर्मनांच्या कैदेत सापडली.

ती इंग्रजांची चाकरी होती, हे कबूल. पोटासाठी गेलेल्या माणसांना आज देशभक्तीचा मुलामा देण्याची आम्हाला गरज वाटत नाही. पण 1947 नंतर त्यांची बरीच गावे सरहद्दीपलीकडे गेली. त्यांच्यातले मेजर मोहम्मद अकबर खान पुढे पाकिस्तानी फौजेत जनरल झाले. मग इथे त्यांची आठवण कोण काढणार? 2017 साली डंकर्कवर गाजलेला इंग्रजी चित्रपट आला, त्यातही ते नव्हते. फाळणीने जमिनीबरोबर माणसांच्या कामाचीही वाटणी केली, आणि हे दोन्हीकडच्या हिश्शातून निसटले.

इंग्लंडला पोहोचलेले जवान 1944 पर्यंत ब्रिटनमध्येच राहिले. काहींना परतणे नशिबी नव्हते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या किंगूसी गावात त्यांच्या कबरी आहेत.