कॉकर स्पॅनियल : रानातून घरात

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण माणसाच्या सोबतीने राहिलेल्या जनावरांनाही इतिहास असतो. खिलारी बैलाचे पाय आणि शिंगे पाहून तो कोणत्या मुलुखातला, कोणत्या कामाचा, हे जाणता शेतकरी बरोबर सांगतो. कुत्र्याचेही तसेच आहे. आज कॉकर स्पॅनियल या विलायती जातीच्या कुत्र्याची हकीकत सांगायची आहे. लांब लोंबते कान, रेशमासारखे केस, पाणीदार डोळे! या रूपावर भुलून लोक पिल्लू घरी आणतात. पण हे रूप कशासाठी घडले, हे ठाऊक नसले तर त्या मुक्या जिवाचे हाल होतात.

इंग्लंडात जॉन कीझ नावाचा एक विद्वान वैद्य होऊन गेला. त्याने १५७० साली इंग्लंडातील कुत्र्यांवर लॅटिन भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात स्पॅनियल कुत्र्यांचा उल्लेख आहे आणि स्पेन देशावरून हे नाव पडले, असे तो सांगतो. या कुत्र्यांचे काम ठरलेले होते. झाडाझुडपांत शिरायचे, दडून बसलेला पक्षी हुंगून काढायचा आणि त्याला उडवायचे. आरंभी शिकारी जाळे लावून किंवा ससाणा सोडून पक्षी धरीत; पुढे बंदुका आल्या. मग पडलेला पक्षी तोंडात धरून, त्याला दात न लावता, धन्यापाशी आणून देण्याचे कामही कुत्र्याकडे आले.

इंग्लंडातल्या ओलसर रानात वुडकॉक नावाचा पक्षी असतो. आपल्या पाणलाव्याच्याच कुळातला. दाट जाळीत शिरून त्याला उठवायला अंगाने लहान कुत्राच हवा. या वुडकॉकवरून ‘कॉकर’ हे नाव आले. ठेंगणा बांधा, तीक्ष्ण नाक, काट्यांपासून कातडीचे रक्षण करणारे केस आणि दिवसभर धावण्याची उमेद, हे सारे त्या कामातून आलेले आहे. गंमत अशी की, पुष्कळ दिवस कॉकर ही वेगळी जात नव्हतीच. २५ पौंडांपेक्षा हलका तो कॉकर आणि त्याहून जड तो दुसऱ्या गटातला, असा हिशेब असे. त्यामुळे एकाच वेतातली दोन भावंडे वेगवेगळ्या नावांनी ओळखली जात! ही वजनाची अट १९०१ साली निघाली.

पण रानातला हा गडी त्याआधीच घरात शिरला होता. एलिझाबेथ बॅरेट ही इंग्रज कवयित्री आजाराने खिळलेली होती. त्यातच १८४० साली तिचा लाडका भाऊ समुद्रात बुडाला. मेरी मिटफर्ड या लेखिका मैत्रिणीने तिला सोबत म्हणून फ्लश नावाचा कॉकर दिला. लंडनमधल्या बंद खोलीत तिच्या बिछान्यापाशी तो तासन् तास पडून राही. त्या काळी लंडनमध्ये कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या होत्या. फ्लशला तीनदा पळवले. १८४६ साली तिसऱ्यांदा चोरी झाली, तेव्हा खोलीबाहेर क्वचितच पडणारी ही बाई स्वतः घोडागाडीत बसून लंडनच्या गरीब, बदनाम वस्तीत गेली. अखेर खंडणी भरून कुत्रा परत मिळाला. त्याच महिन्यात कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न करून ती इटलीला निघाली, ती फ्लशला घेऊनच. तिकडे पिसवांनी तो हैराण झाला. म्हणजे बंद खोली असो की परमुलूख, त्या कुत्र्याने आपले आयुष्य धनिणीच्या आयुष्याशी जुळवून घेतले. १८५४ साली तो फ्लॉरेन्समध्ये वारला आणि त्या घराच्या तळघरातच त्याला पुरले.

यानंतर कुत्र्यांच्या प्रदर्शनांचे युग आले. १८७३ साली इंग्लंडात केनेल क्लब निघाला. १८७९ साली जन्मलेला ‘ओबो’ नावाचा काळा कुत्रा आजच्या कॉकरांचा मूळपुरुष मानला जातो. लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात १९३० ते १९५० या काळात एच. एस. लॉइड यांच्या कॉकरांनी सहा वेळा सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळवले. अमेरिकेत तर १९३६ ते १९५२ पर्यंत नोंदणीत ही जात पहिल्या क्रमांकावर होती. १९५२ साली रिचर्ड निक्सन उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवीत होते. निधीवरून आरोप झाले, तेव्हा ‘भेट आलेला चेकर्स हा कॉकर मुलींचा आवडता आहे, तो मी परत करणार नाही,’ असे त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले आणि लोकमत त्यांच्या बाजूने वळले.

लोकप्रियता वाढली की मागणी वाढते आणि मागणी वाढली की घाईने पैदास होते. पारितोषिकांसाठी अमेरिकेत कॉकर अधिक लहान आणि अधिक केसाळ होत गेला. इतका की १९४६ साली तिथे इंग्लिश कॉकर ही वेगळी जात धरावी लागली. जे केस काट्यांपासून राखण करीत, तेच आता काट्यांत अडकू लागले. धंदा सुटला, पण देह आणि स्वभाव तोच राहिला. त्याचे देणे आता पाळणाऱ्याला फेडायचे आहे.

ते कसे फेडायचे? पहिली गोष्ट कानांची. लोंबत्या कानांत वारा खेळत नाही. ओल धरते आणि कान चिघळतात. म्हणून आठवड्याला कान उघडून पाहावेत. घाण वास आला, कुत्रा मान झटकू लागला, तर घरगुती तेल न ओतता जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे. आपल्या माळरानावरचे कुसळ या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत हमखास शिरते. फिरून आल्यावर तिथे हात फिरवून पाहावा. गोचीडही तेव्हाच सापडते. केस रोज विंचरावेत, नाहीतर त्यांची जटा होते. उन्हाळ्यात भल्या पहाटे आणि दिवस मावळल्यावरच फिरवावे. पण फिरवावे मात्र रोज. रान तुडवणारा हा प्राणी साखळीला बांधून ठेवला तर भुंकतो, कुरतडतो आणि आपण त्याला द्वाड म्हणतो. खायला माफक द्यावे, कारण हा जात्या खादाड. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासारखी. पिसाळण्याच्या रोगावरची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी, यात कसूर नको.

आणखी एक. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्या पाचांत कॉकर होता. पिल्लाचा तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ माणसाची ओळख होण्याचा असतो, असे त्यांना दिसले. या काळात माणसाचा हात न लागलेले पिल्लू पुढे भित्रे होते आणि भित्रे कुत्रे चावरे होऊ शकते. म्हणून पिल्लू घेताना त्याची आई पाहावी, ते कसे वाढले ते विचारावे. शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे. शाळेत आपण बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो ना, तसेच हे!

कॉकर बारा-चौदा वर्षे जगतो. चौथीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेले पिल्लू त्याचे कॉलेज संपेपर्यंत घरात असते. हट्ट चार दिवसांत ओसरतो. कान मात्र दर आठवड्याला पाहावे लागतात. माणसाने आपल्या कामासाठी हा प्राणी घडवला आणि काम संपल्यावर शोभेसाठी घरात आणला. त्याने काही आपल्याकडे येण्याचा अर्ज केला नव्हता. तेव्हा रोज त्याच्यासाठी तासभर काढणे होत असेल तरच पिल्लू आणावे. नसेल तर शेजाऱ्याच्या कुत्र्याला प्रेमाने थोपटावे, त्यातही आनंद आहे.