आजऱ्याचा काना

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. त्यांची नावं देवनागरीत लिहून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या साधनाला, शब्द वेगळे काढायला सांगितले, तर बारांतलं एकही नाव धड हाती येत नाही. कागलचे ‘क’ आणि ‘गल’ होतात, चंदगडचे ‘च’ आणि ‘दगड’, आणि आजऱ्याचा नुसता ‘आजर’ उरतो. त्यासाठी वापरलेली शब्दाची खूण, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू, पर्ल या भाषेत युनिकोड मजकुराला लावली की बाराही नावं अखंड निघतात. जावास्क्रिप्टमध्ये एकही निघत नाही.

याचं खापर आपल्या काना-मात्रांवर फोडलं जातं, पण दोष लिपीचा नाही. 1951 मध्ये गणितज्ञ क्लीनी यांनी रेग्युलर एक्स्प्रेशनची कल्पना मांडली ती गणितात. तिथे अक्षर कशाला म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. 1968 मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती मजकूर शोधण्यासाठी वापरली, तेव्हा संगणकाची अक्षरं म्हणजे जवळपास इंग्रजीच. पुढे डब्ल्यूची खूण रूढ झाली ती इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेघ एवढ्यांपुरती. सगळ्या लिप्यांना सामावणारं युनिकोड आल्यावर प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेने या खुणेचा अर्थ आपापला ठरवला. युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे ‘अक्षर’ नसून ‘चिन्ह’ या वर्गात येतात. पर्लने चिन्हंही शब्दात धरली. युनिकोडची रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीची शिफारसही तीच आहे. पायथनने अक्षरं घेतली आणि चिन्हं बाहेर ठेवली. रोमनेतर लिप्यांना ही खूण उपयोगाची नाही, अशी तक्रार पायथनच्या दोषनोंदवहीत 2007 पासून आहे.

खुणेचा अर्थ बदलला तर जुने प्रोग्रॅम मोडतील, हा आक्षेप वजनदार आहे. जावास्क्रिप्टने तो मानला, जुनी खूण तशीच ठेवली आणि 2018 मध्ये युनिकोडच्या वर्गांसाठी वेगळी खूण दिली. पायथनने मात्र 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीत अर्थ बदललाच, तोही अर्धवट. माझ्या मते हे अर्धवट उत्तर जावास्क्रिप्टच्या कोऱ्या उत्तरापेक्षा घातक आहे. काहीच सापडलं नाही तर प्रोग्रॅमर निदान थबकतो. ‘आजर’ मात्र शब्दासारखा दिसतो, सूचीत जाऊन बसतो आणि ‘आजरा’ शोधणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवतो. चिन्हं सांभाळणारं वेगळं मॉड्यूल पायथनसाठी मिळतं हे खरं, पण नवशिक्याचा हात आधी अंगभूत साधनाकडेच जातो. तिथे शब्द तुटलेले दिसले की तो युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा पट्टाच शब्दात धरतो. त्याने आजऱ्याचा काना परत मिळतो, पण दंड, म्हणजे चरणाच्या शेवटची उभी रेघ, हाही त्याच पट्ट्यात असल्यामुळे, मध्ये जागा सोडलेली नसेल तर अभंगाच्या चरणातला शेवटचा शब्द दंडाला चिकटून बाहेर येतो.