व्हॉल्व्हची टंचाई आणि तारप्याचा भोपळा

डहाणूला माझ्या मामांचा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. त्यांच्या माळ्यावर अजून एक जुना ॲम्प्लिफायर आहे. पत्र्याची पेटी, मागे जाळी, आत पाच व्हॉल्व्ह. तालुक्यातली कितीतरी लग्ने, सत्यनारायण आणि निवडणुकीच्या सभा या पेटीतून कर्ण्यापर्यंत पोहोचल्या. गेल्या वर्षी मामेभावाने ती पेटी खाली काढून सुरू केली. चार व्हॉल्व्हच्या आतल्या तारा हळूहळू लालसर उजळल्या, पाचवा काळाच राहिला. त्याच्या काचेच्या माथ्यावर आरशासारखी चकाकी हवी होती. तिथे दुधाळ पांढरा डाग होता. काचेला कुठेतरी तडा जाऊन आत हवा शिरली होती.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने काचेवरचा नंबर वाचला आणि विचारले, ‘‘आता हा बनतो कुठे?’’ त्याने सहज विचारले असेल. मला मात्र त्या प्रश्नाने वर्षभर कामाला लावले.

व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या पट्टीकडे धावतात. वाटेत तारेची एक जाळी असते. माइककडून आलेला क्षीण विद्युतदाब त्या जाळीवर दिला की इलेक्ट्रॉनांचा ओघ त्याबरहुकूम कमीजास्त होतो, आणि लहान आवाजाचा मोठा आवाज होतो. नळाच्या चावीसारखेच हे काम. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला; ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरे टोक घातले. पुढची निदान ५० वर्षे रेडिओ, बोलपट आणि जाहीर सभा या नळीवर चालल्या.

आपल्याकडे व्हॉल्व्ह आधी परदेशातून येत. डहाणू आणि तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते (पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी), आणि खुद्द ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. परकीय चलनाची चणचण वाढली तेव्हा व्हॉल्व्ह देशातच करण्याची निकड भासली. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली होती. तिने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तिथेच जर्मेनियमचे अर्धवाहक घटकही तयार होऊ लागले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये जन्मलेला ट्रान्झिस्टर असा आपल्याकडेही पोहोचला. तो लहान, थंड आणि सेलवर चालणारा; वीज न पोहोचलेल्या पाड्यांवर त्याचाच रेडिओ गेला, आणि ते योग्यच झाले.

तरीही व्हॉल्व्ह मेला नाही, तो गिटारवाल्यांमुळे. आवाज क्षमतेबाहेर वाढवला की ट्रान्झिस्टर एकदम फाटतो. व्हॉल्व्ह सावकाश, गोलाई राखून फाटतो. तो भरीव, किंचित खरखरीत स्वर रॉक संगीताचा स्वभावच झाला. ध्वनिमुद्रिका ऐकणारे शौकीनही व्हॉल्व्हला धरून राहिले. मात्र या साऱ्यांची गरज जगभरात जेमतेम तीन ठिकाणांवर येऊन टेकली: रशियातले साराटोव्ह, स्लोव्हाकियातले चाद्त्सा आणि चीन. चीनमधल्या चांगशाच्या जुन्या कारखान्याचे काम २०१९ च्या सुमारास विस्कळीत झाले. युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली. साराटोव्हचा माल अडकला आणि जगभर व्हॉल्व्हसाठी धावाधाव झाली. पुढे माल पुन्हा निघाला, पण महाग झाला.

हवे तेव्हा नवीन कारखाना का काढत नाहीत? काच, निकेल, टंगस्टन काही दुर्मीळ नाही. नकाशेही छापलेले आहेत. दुर्मीळ आहेत ते हात: केसाएवढी तार जाळीवर नेमक्या अंतराने गुंडाळणारे, कॅथोडला लेप देणारे, निर्वात पुरेसा झाला हे ओळखणारे. उत्पादन थांबले की ते हात दुसऱ्या कामाला लागतात आणि कसब त्यांच्याबरोबर जाते.

याच शोधात असताना तलासरीजवळच्या एका पाड्यावर तारपा करणाऱ्या एका म्हाताऱ्या वारली बाबांकडे गेलो. तारपाही आवाज मोठा करणारेच यंत्र. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजवायला मेण, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांतून तारप्याभोवतीचा तो फेर जगभर गेला. मला वाटले होते, इथे टंचाईचा प्रश्नच नसेल. सगळा माल शिवारातला. बाबा म्हणाले, बाजारातल्या बियाण्याचा दुधी खायचा. त्याची साल पातळ, फुंकर सोसत नाही. तारप्याचे बी वेगळे, ते घरातच राखावे लागते, आणि भोपळा वेलावरच नीट वाळू द्यावा लागतो. बी त्यांच्याकडे आहे. पण मुलगा पहाटे वापीच्या कारखान्यात जातो, रात्री परततो. भोपळा कोरायला आणि नळीतली जिभली जुळवायला त्याला सवड कुठली?

बंगळूरच्या व्हॉल्व्हला बाबांसारखा कुणी राखणदार मिळाला नाही. तारप्याला आज तरी आहे. संग्रहालयात वस्तू टिकते, कृती टिकत नाही. ती शिकणाऱ्याला मजुरी देऊनच टिकवावी लागते, आणि ते ज्याच्या हातात कसब आहे तो असतानाच करावे लागते.

मामेभावाला अखेर भंगारातल्या एका रेडिओत हवा तो व्हॉल्व्ह सापडला. पेटी बोलू लागली. मी मात्र त्या आठवड्यात पुन्हा तलासरीला गेलो आणि बाबांनी बोटे लावून सांगितलेली नळ्यांची मापे वहीत उतरवून घेतली. त्याच पानावर वर व्हॉल्व्हचा नंबर लिहिलेला होता. मापे लिहून झाल्यावर बाबांनी वही हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, ‘‘लिहून वाजत नाही. पोराला सुट्टी असेल तेव्हा ये.’’