डफ, तुणतुणे आणि सरकार

मंठ्यात ‘बँड’ म्हटले की लोकांना वरात आठवते. घोड्यावर नवरदेव, पुढे क्लॅरिनेटवाला आणि त्याच्याही पुढे नाचणारे मामा. त्यामुळे एका बँडवाल्यांनी सरकारची झोप उडवली होती, असे मी शाखेत सांगितले तेव्हा आमचे कॅशियर नोटा मोजायचे थांबले. बँकेत ही साधी घटना नव्हे.

“अमेरिकेतले असतील,” ते म्हणाले.

तसे अमेरिकेतही झाले म्हणा. १९६८ साली बर्ड्स नावाच्या मंडळींनी नॅशव्हिल गाठून खेड्यापाड्यातल्या वळणाच्या गाण्यांची तबकडी केली. केस वाढवलेली ही शहरी पोरे आपली गाणी गातात म्हणून तिथल्या जुन्या श्रोत्यांनी त्यांची हुर्यो केली. पण आपले लाल बावटा कलापथक त्याच्या २४ वर्षे आधीचे, १९४४ चे. आणि त्याची कोणा गाववाल्याने हुर्यो केली नाही. ते काम सरकारने अंगावर घेतले.

भागीदार तीन : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. भांडवल म्हणजे डफ, तुणतुणे, ढोलकी आणि गळे. तारण शून्य. असा कर्जाचा अर्ज आला असता तर आम्ही पाणीही न विचारता परत पाठवला असता. अण्णाभाऊ वाटेगावहून मुंबईला पायी आलेले. शाळेत गेले ते दीड दिवस. मी कॉमर्सचा पदवीधर असून आजवर एक ओवी रचलेली नाही. अमर शेख बार्शीचे, मूळचे मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. आणि आवाज असा की लाऊडस्पीकरने राजीनामा द्यावा.

यांनी केले काय? तमाशात आधी गण, मग गौळण, मग वग. अण्णाभाऊंनी गणात देवाऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन केले, गौळण वगळली आणि वगातल्या राजाला रजा देऊन तिथे शेटजी अन् पुढारी उभे केले. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नुसती नावे वाचली तरी कोणाच्या पोटात दुखणार ते कळते. गिरणगावातला कामगार साताऱ्याहून, कोकणातून आलेला. डफ-तुणतुणे त्याने गावच्या जत्रेत ऐकलेले. वाजप ओळखीचे आणि बोलणे मात्र नवे, त्याच्याच पगाराचे, त्याच्याच खोलीचे. मग गर्दी होईल नाहीतर काय?

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, कलापथकाच्या कार्यक्रमांवरही आणली. अण्णाभाऊंनी तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे एक खाते गोठवले तर गडी दुसऱ्या खिडकीवर हजर, रक्कम तीच!

आता यात मंठ्याचा काय संबंध? १९४४ साली आम्ही निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात जमा झालो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. या शेवटच्या नोंदीमागे संयुक्त महाराष्ट्राचा लढा होता आणि त्या लढ्याच्या सभा या गळ्यांनी पेटवल्या. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्याच काळातली. गिरणी कामगाराला गावाकडची बायको आठवते, त्या आठवणीत बेळगाव-कारवारचे दुःख मिसळलेले. मंठा आले, ती मैना अजून गावावरच आहे.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकला लाखो पोरे गाणी ऐकायला जमली. त्याच्या महिनाभर आधी, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, हलाखीत, वय ४८. पाठोपाठ २९ ऑगस्टला अमर शेख गेले, वय ५२. बँकेत असते तर दोघांचीही निवृत्ती दूर होती. ज्या राज्यासाठी घसा कोरडा केला ते राज्य तेव्हा अवघे ९ वर्षांचे.

२००२ साली टपाल खात्याने अण्णाभाऊंचे ४ रुपयांचे तिकीट काढले. ज्यांचे तोंड बंद करायला एका सरकारने हुकूम काढले, त्यांचेच चित्र दुसऱ्या सरकारने पाकिटावर चिकटवले. चांगलेच झाले. फक्त शिक्का मारताना पोस्टवाले तो अजूनही तोंडावरच मारतात.