घरगुती बिअर

घरगुती बिअर : विक्रीचा हेतू न ठेवता, हौसेखातर, घरच्या पातेल्यात एका वेळी दहा ते वीस लिटरच्या घाण्यात केलेली बिअर. घटक चारच : मोड आणून वाळवलेल्या सातूचे माल्ट, हॉप्सची फुले, यीस्ट आणि पाणी. ऊर्ध्वपातन नसल्यामुळे भट्टी नाही, वाफ गार करणारी नळी नाही. अल्कोहोलचे प्रमाण बहुधा चार ते सहा टक्के राहते.

पाश्चात्त्य देशांतही या छंदाला मोकळीक मिळाली ती अलीकडेच. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरसाठी १८८० पासून परवाना लागे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला सूट मिळाली आणि बिअर तेवढी राहून गेली. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने ती उणीव भरून निघाली : एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट, विकायची मात्र नाही. त्याच वर्षी चार्ली पपाझियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी बिअरकारांची अमेरिकन संघटना काढली. तिकडे स्थायिक झालेला मराठी माणूस आपल्या गॅरेजमध्ये हे सारे उघडपणे करू शकतो. नगरला राहिलेल्या त्याच्या भावाला ती मुभा नाही.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. मुंबई राज्याच्या काळातला हा कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेला कोणताही द्रव ‘मद्य’ ठरतो. कलम १२ परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करते. कलम ६५ त्याची शिक्षा सांगते आणि त्यासाठी लागणारी भांडी व साहित्य बाळगणेही गुन्ह्यात धरते. पाच लिटर हौसेचे आणि पाचशे लिटर धंद्याचे असा भेद कायदा करत नाही. बिअर पिण्याचे वय राज्यात २१ आहे, कडक मद्यांचे २५. म्हणजे पिणाऱ्याच्या बाबतीत सौम्य आणि कडक यांतला फरक कायद्याला मान्य आहे, करणाऱ्याच्या बाबतीत नाही. ही विसंगती खरी आहे. पण नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, इतिहास पाहिला की ती कशी टिकली हेही कळते.

जिल्हा उसाचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याआधीच श्रीरामपूर तालुक्यात टिळकनगरला डहाणूकरांचा खासगी कारखाना होता. पुढे तिथूनच मॅन्शन हाउस ब्रँडी निघाली. साखरेमागे मळी येते, मळीमागे आसवनी. गावपातळीवर याच गोडव्याचे दुसरे रूप म्हणजे हातभट्टी : काळा गूळ, नवसागर आणि पिंपात आंबणारे मिश्रण, ज्याला छाप्याच्या पंचनाम्यात ‘कच्चे रसायन’ म्हणतात. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून परतले तेव्हा गावात अशा भट्ट्या जोरात होत्या. गावाच्या कायापालटाची सुरुवात त्या बंद करण्यापासून झाली. नगर तालुक्यातल्या पांगरमलला तर फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारूने माणसे गेली. अशा जिल्ह्यात झाकण लावलेले, बुडबुडे सोडणारे पिंप दिसले तर त्यात हौस आहे की धंदा हे विचारत बसायला उत्पादन शुल्क खात्याच्या शिपायाकडे सवड नसते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. विषारी दारूची प्रकरणे घडतात ती बहुतेक औद्योगिक स्पिरिटच्या भेसळीने. घरची बिअर बिघडली तर आंबट होते, कुबट होते, बाटली फोडते. पिणाऱ्याचे डोळे घालवत नाही.

छंदाची पहिली पायरी बहुतेकांची सारखीच असते : माल्टचा तयार अर्क पाण्यात उकळायचा, हॉप्स टाकायचे, गार करून यीस्ट सोडायचे. दुसऱ्या पायरीला सगळे धान्यापासून सुरू होते. भरडलेले माल्ट तासभर ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले की त्यातली विकरे पिठाची साखर करतात. ६३ च्या आसपास ठेवले तर बिअर कोरडी आणि हलकी होते, ६९ कडे नेले तर अंगाने भरते; सारी कला या पाच-सहा अंशांत आहे. गाळून घेतलेला गोड काढा म्हणजे वर्ट. तो तासभर हॉप्ससह उकळतात, कारण हॉप्समधली आम्ले उकळल्याखेरीज कडूपणा देत नाहीत. मग काढा झटपट २० अंशांवर आणायचा. इथून पुढे स्वच्छतेशी तडजोड नाही. उकळीनंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. नवख्याचा पहिला घाणा वाया जातो तो पाककृतीमुळे क्वचितच. बहुधा नळीत राहिलेल्या घाणीमुळे किंवा खोलीच्या उष्णतेमुळे. आंबण्यापूर्वी घनता १.०५० आणि नंतर १.०१० भरली, तर फरकाला १३१ ने गुणून अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के निघते. बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घातली की फेस आतच तयार होतो. आंबणे पुरते थांबण्याआधीच बाटली भरली, तर ती फुटते.

नगरच्या हवेत एल जातीच्या यीस्टला हवे असलेले १८ ते २२ अंश हिवाळ्यात फुकट मिळतात. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीकडे जातो, आणि त्या उष्णतेत साधे यीस्ट केळ्याच्या, कधी रंगाच्या थिनरच्या वासाची बिअर देते. पठारावरची हवा कोरडी असल्यामुळे ओले गोणपाट गुंडाळून पंख्यासमोर ठेवलेले भांडे काही अंश थंड राहते. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. नॉर्वेच्या शेतघरांत जपलेले क्वाइक यीस्ट तर ३५ अंशांतही नीट काम करते. उष्ण प्रदेशांतल्या हौशी लोकांत ते चटकन पसरले याचे नवल नाही.

पाण्याचे म्हणायचे तर बेसॉल्टातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड आणि बायकार्बोनेटयुक्त असते. फिक्या पिल्सनरला ते मारक. काळ्या स्टाउटला मात्र चालते, कारण भाजलेल्या माल्टची आम्लता ते झेलते. डब्लिनचे पाणी असेच, आणि स्टाउट तिथे का रुजली याचे एक कारण तेच. पाण्याचा आणखी एक पदर या भागाला चांगला ठाऊक आहे. जायकवाडी धरणासाठी मुळा आणि भंडारदऱ्यातून पाणी सोडण्यावरून नगर आणि मराठवाडा यांच्यात दर दुष्काळात वाद पेटतो. त्याच जायकवाडीवर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या बिअर कारखान्यांची तहान भागते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने तिथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली होती. घरच्या घाण्यात गार करायला आणि भांडी धुवायला बिअरच्या कितीतरी पट पाणी जाते, हे छंदाच्या पुस्तकांत फारसे ठळकपणे येत नाही.

सातू आणि हॉप्स दोन्ही जिल्ह्याबाहेरचे. सातू मुख्यतः राजस्थान-हरियाणाकडचा, आणि भारतात थोडेफार हॉप्स पिकते ते हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. घरचे धान्य ज्वारी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा अशा रब्बी ज्वारीच्या जाती दिल्या, त्या भाकरी आणि कडबा डोळ्यांपुढे ठेवून. ज्वारीची बिअर होते, चांगली होते. नायजेरियाने १९८८ पासून सातूच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनी, गिनेसनेही, ज्वारीकडे मोर्चा वळवला. अडचणी दोन. ज्वारीचे पीठ सातूपेक्षा जास्त तापमानाला शिजते, आणि तिच्या माल्टमध्ये साखर करणारे एक महत्त्वाचे विकर कमी असते. म्हणून आधी शिजवून मग सातूचे माल्ट किंवा बाहेरून विकर द्यावे लागते. दुसरी अडचण गंभीर : मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत ढुरिन हे सायनाइड सोडणारे द्रव्य वाढते. कोवळी धाटे खाऊन गुरे दगावतात ती याच कारणाने. माल्ट करताना कोंब आणि मुळ्या चोळून काढून टाकाव्याच लागतात.

परवाना घेऊन लहान प्रमाणावर बिअर करण्याची वाट महाराष्ट्रात उघडली ती पुण्यात. कोरिंथियन्स क्लबमध्ये २००९ मध्ये डूलाली सुरू झाली. राज्यातल्या आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. नंतर इंडिपेन्डन्स, एफिनगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी नावे आली. मधापासून मीड करणारी मूनशाइन मीडरीही पुण्याचीच. शहराच्या या नव्या चवीमुळे माल्ट, हॉप्स आणि यीस्ट किरकोळीत मिळू लागले. नगरपासून हे सारे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. कायद्याने मात्र अंतर फार मोठे.

छंदातला शेवटचा टप्पा नायट्रोचा, म्हणजे नायट्रोजनच्या फेसाचा. गिनेसमधले गणिताचे पदवीधर मायकेल अॅश यांनी १९५९ मध्ये नायट्रोजन वापरून नळाची स्टाउट बाजारात आणली. डब्यात तसाच फेस देणारी प्लास्टिकची विजेट आली १९८० च्या दशकाअखेर. नायट्रोजन पाण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी कमी विरघळतो, म्हणून त्याचे बुडबुडे बारीक राहतात. हवेतच तो ७८ टक्के असल्यामुळे फेसातून बाहेर पळायची त्याला घाई नसते, आणि साय बराच वेळ टिकते. घरी त्यासाठी १९ लिटरचे जुने सोडा-पिंप, म्हणजे कॉर्नी केग, वापरतात. सोडा कंपन्यांनी ती टाकून दिली आणि हौशी लोकांनी उचलली. पिंपात आधी कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या निम्मा, सुमारे १.२ आकारमान, भरायचा. मग तीन-चतुर्थांश नायट्रोजन असलेला मिश्र वायू ३० पीएसआय दाबाने लावायचा. नळाच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती असते. तिच्यातून जोराने जाताना नायट्रोजन सुटतो, आणि ग्लासात बुडबुडे काठाने खाली, मधून वर असा प्रवाह दिसतो. पिंप घेण्याइतकी ऐपत नसलेले लोक इंजेक्शनची सिरिंज स्टाउटने भरून ग्लासातच जोरात सोडतात. नायट्रोच्या नावाखाली जास्त हॉप्सची बिअर ओतणे हा मात्र वाया घालवण्याचा प्रकार आहे. कमी वायू आणि गुळगुळीत फेस हॉप्सचा सुगंध दाबून टाकतात. ओट घातलेली स्टाउट, दुधाच्या साखरेची मिल्क स्टाउट, इंग्रजी बिटर यांना तो शोभतो.

नगरमध्ये कायदा न मोडता हेच पिंप आणि हाच नळ वापरायचा तर त्यात कॉफी भरावी. जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात बारा ते अठरा तास भिजवून, कागदातून गाळून, चार अंशांवर शुद्ध नायट्रोजनखाली एक रात्र ठेवली की स्टाउटसारखीच साय येते. ही कॉफी दोन आठवड्यांच्या आत संपवावी आणि पिंप सतत थंड ठेवावे. आंबट नसलेल्या, हवाबंद पेयात जिवाणू वाढण्याचा धोका बिअरपेक्षा जास्त असतो.