मगर म्हणू नका हो तिला! ॲलिगेटर, केमन आणि चौथ्या दाताची गोष्ट

रीलवर लांब जबड्याचा, खवल्याखवल्यांचा प्राणी दिसला की आपण बिनधास्त म्हणतो, 'मगर!' आज मला सांगायचंय ते हे, की ही गफलत फार जुनी आहे आणि ती जिवावर बेतू शकते. आपल्या नाही, त्या प्राण्याच्या.

अमेरिकेत पोचलेले स्पॅनिश लोक या प्राण्याला 'एल लागार्तो' म्हणाले. म्हणजे चक्क सरडा! इंग्रजांच्या तोंडी त्याचंच 'ॲलिगेटर' झालं. १७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसनेही मगरींना पाली-सरड्यांच्याच गटात बसवलं. गंमत बघा, त्याने दिलेलं 'क्रोकोडिलस' हे नाव शेवटी चिकटलं ते एका केमनला. आजही त्याचं शास्त्रीय नाव 'केमन क्रोकोडिलस' असंच आहे.

१८०७ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज क्युव्हिएने तीन गट पाडले. खूण कुठली? खालच्या जबड्यातला चौथा दात. ॲलिगेटर आणि केमनने तोंड मिटलं की तो वरच्या जबड्याच्या खड्ड्यात लपतो. क्रोकोडाइलचा बाहेर दिसत राहतो. तिसरा गट घडियालांचा. आपल्या नद्यांमधली मगर ही क्रोकोडाइल. ॲलिगेटरच्या आज दोनच जाती उरल्यात, एक अमेरिकेत, दुसरी चीनमध्ये. केमन मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले.

मग सरड्याचं काय? तो लांबचा भाऊबंद. या सगळ्यांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक आहेत पक्षी! हृदयाला चार कप्पे दोघांनाही. ॲलिगेटरची मादी घरटं करते, अंडी राखते, पिल्लांना जपते.

एवढा कीस कशाला? तर चामड्यासाठी अमेरिकन ॲलिगेटरची इतकी शिकार झाली, की १९६७ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवावं लागलं. संरक्षण मिळालं, संख्या वाढली, १९८७ मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं. तरी तिथल्या कायद्यात त्याच्यावर नजर आहेच. कारण? 'दिसण्यातलं साम्य'. त्याच्या नावाखाली खरोखर धोक्यात असलेल्या क्रोकोडाइलचं चामडं खपू नये म्हणून.

मला या इतिहासातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकदा पर्स शिवून झाली, की चौथा दात कुठे शोधणार? नाव आधी, प्राणी जिवंत असतानाच, नीट घ्यायला हवं.