पानशेत ते २०२१ : धरण ‘फुटले’ असे कायदा केव्हा म्हणतो?

१/ १२ जुलै १९६१. पुण्याच्या स्मृतीत ही तारीख ‘पानशेत फुटले’ या दोन शब्दांनी कोरली गेली आहे. मात्र ‘धरण फुटणे’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या भारताच्या कायद्यात येण्यास त्यानंतर साठ वर्षे लागली. या धाग्यात त्या साठ वर्षांचा आणि त्या काळात घडलेल्या शब्दांचा इतिहास पाहू.

२/ प्रथम धरणाची परिभाषा. जलाशयाच्या तळाशी, बाहेर सोडण्याच्या सर्वांत खालच्या दाराखाली जे पाणी उरते तो ‘मृत साठा’. त्याच्या वर, उपयोगासाठी नेहमी ज्या उंचीपर्यंत पाणी अडवायचे ती ‘पूर्ण संचय पातळी’. या दोहोंमधील पाणी म्हणजे ‘उपयुक्त साठा’. मोठा पूर आल्यास पाणी काही काळ आणखी वर चढू शकते. त्याची मर्यादा म्हणजे ‘महत्तम पूर पातळी’.

३/ महत्तम पूर पातळी आणि धरणाचा माथा यांमध्येही काही उंची मोकळी ठेवलेली असते. अभियंते तिला फ्रीबोर्ड म्हणतात. मातीच्या धरणात ही मोकळी उंची हाच जीव असतो. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहिले तर ते काही काळ तग धरू शकते; मातीच्या भरावावरून वाहणारे पाणी मात्र भरावच कापत जाते.

४/ आणखी तीन शब्द. पुराचे जादा पाणी वाहून जाते तो ‘सांडवा’. धरणाच्या पोटातून कालव्याकडे किंवा नदीत पाणी सोडण्याची वाट म्हणजे ‘विमोचक’. आणि नदीच्या मूळ पात्रावरील शेवटची मोकळी जागा भरून प्रवाह अडवणे म्हणजे ‘घळभरणी’. घळभरणी झाली की पुढचा पावसाळा धरणाची पहिली परीक्षा घेतो.

५/ मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणाची ही परीक्षा १९६१ मध्ये ठरलेल्या वेळेपेक्षा आधी झाली. काम १९६२ मध्ये संपायचे होते. पण पाणी एक वर्ष अगोदर अडवण्याचे ठरले आणि घाई सुरू झाली. पावसाळा आला तेव्हा विमोचकाची दारे व ती चालवणारी यंत्रणा पूर्णपणे सज्ज नव्हती. विमोचकाच्या कमानीत पोलादी सळयाही नव्हत्या. ती साध्या काँक्रीटची होती.

६/ जुलैच्या मुसळधार पावसात जलाशय झपाट्याने भरला. अर्धवट उघड्या दारांखालून पाणी प्रचंड वेगाने विमोचकात घुसू लागले आणि विमोचकावरील भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान खचलेल्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. फ्रीबोर्ड हा शब्द त्या रात्री अक्षरशः पोत्यांनी मोजला जात होता. १२ जुलैच्या सकाळी भराव वाहून गेला.

७/ खाली होते १८७९ मध्ये पूर्ण झालेले खडकवासल्याचे दगडी धरण. पानशेतचे सारे पाणी पोटात घेण्यासाठी ते बांधलेलेच नव्हते; काही तासांत तेही फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, लकडी पूल पाण्याखाली गेला. वेळेवर स्पष्ट सूचना न मिळालेले शहर भर दिवसा बुडाले. आजचे लोकमान्यनगर आणि गोखलेनगर या पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या वसाहती आहेत.

८/ चौकशीचे काम प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे होते. चौकशी चालू असतानाच त्यांचे निधन झाले आणि पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ती पूर्ण केली. आयोगासमोरचा मोठा प्रश्न असा : भराव खचू लागला त्या क्षणी कोणी, कोणाला, काय कळवायला हवे होते? अभियंत्यांना खचणे दिसत होते. पण ‘खचणे’ या निरीक्षणातून ‘शहर रिकामे करा’ या आदेशापर्यंत नेणारी बंधनकारक साखळी अस्तित्वात नव्हती.

९/ अठरा वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. येथे प्रश्न वेगळ्या शब्दाचा होता : ‘संकल्पित पूर’, म्हणजे सांडवा बांधताना गृहीत धरलेला सर्वांत मोठा पूर. तो सेकंदाला सुमारे ५,६६३ घनमीटर धरला होता. प्रत्यक्षात सुमारे १६,३०७ घनमीटर आला, जवळजवळ तिप्पट. सांडव्याला हे पाणी पेलले नाही आणि ते मातीच्या भरावावरून वाहिले. फेरबांधणीत सांडव्याची क्षमता सुमारे चौपट केली गेली.

१०/ या अनुभवातून केंद्रीय पातळीवर हालचाल झाली. १९८२ मध्ये नेमलेल्या स्थायी समितीने देशभरातील धरणांसाठी एकसमान सुरक्षा पद्धती सुचवणारा अहवाल १९८६ मध्ये दिला. १९८७ मध्ये राष्ट्रीय धरण सुरक्षा समिती स्थापन झाली. तिचे स्वरूप सल्लागाराचे होते. कारण संविधानानुसार पाणी हा मुख्यतः राज्यांच्या सूचीतील विषय. सल्ला मानायचा की नाही, हे राज्यांच्या हाती होते.

११/ २०१० मध्ये लोकसभेत आलेले विधेयक तडीस गेले नाही. नवे विधेयक लोकसभेने २ ऑगस्ट २०१९ रोजी आणि राज्यसभेने २ डिसेंबर २०२१ रोजी संमत केले. धरण सुरक्षा अधिनियम ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. तो ‘विनिर्दिष्ट’ धरणांना लागू होतो : १५ मीटरहून उंच असलेली सर्व धरणे, आणि १० ते १५ मीटर उंचीची पण लांबी, साठा, पुराचा विसर्ग, पाया किंवा रचना यांविषयीची किमान एक अट पूर्ण करणारी धरणे.

१२/ आता मूळ प्रश्नाकडे. या कायद्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, दुर्लक्ष केल्यास धोका उद्भवेल अशी अवस्था. मराठीत तिला ‘संकटसूचक अवस्था’ म्हणता येईल. दुसरी, ‘घटना’ : धरण फुटलेले नाही, पण बांधकामाला इजा झाली, दारे बिघडली, पाझर एकाएकी वाढला. पाझर एकाएकी थांबला तरी तीही घटनाच. कारण आत कोंडलेले पाणी दुसरी वाट शोधत असू शकते.

१३/ तिसरी पायरी, ‘धरण निकामी होणे’ : पाणी अनियंत्रितपणे वाहून खालच्या भागात जीवित, मालमत्ता व पर्यावरण यांना बाधा होणे. लक्षात घ्या, ही व्याख्या केवळ भिंत ढासळण्यापुरती नाही. परिचालनाच्या नियमपुस्तिकेशी विसंगत, चुकीच्या पद्धतीने धरण चालवल्यामुळे असा पूर आला, तर भिंत शाबूत असूनही कायद्याच्या दृष्टीने धरण निकामी झालेले असते. ‘फुटणे’ या मराठी क्रियापदात हा अर्थ मावत नाही.

१४/ या शब्दांतून १९६१ कडे पाहा. जलाशयाच्या पहिल्या भरणीसाठी आज लेखी निकष आणि योजना लागते. दारांची अपुरी यंत्रणा, खचणारा भराव, या दोन्ही बाबी आज फुटण्याच्या आधीच नोंदवाव्या लागणाऱ्या ठरल्या असत्या. त्या जुलैमध्ये त्या अभियंत्यांच्या डोळ्यांना दिसत होत्या. कायद्याला मात्र दिसत नव्हत्या.

१५/ तरीही व्याख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. बरोबर एका महिन्याने लोकसभेने विधेयक संमत केले. गळती हा शब्द गावाकडे होता. तो ऐकणे कोणाचे कर्तव्य आहे, हे सांगणारा शब्द अजून यायचा होता.

१६/ म्हणून यंदा ‘विसर्ग वाढवला’ असा संदेश आला, तर आकड्यासोबत पातळीही पाहा : जलाशय पूर्ण संचय पातळीच्या किती खाली आहे, येणारे पाणी किती, जाणारे किती. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. आणि आपल्या नदीवरील धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा झाला आहे का, हे जरूर विचारा. पानशेतच्या वेळी पुणेकरांना हा प्रश्न विचारता येत नव्हता, आपल्याला येतो.